तीन आठवडे मुरलेला चिखल

औरंगपुऱ्यात ज्या बाईकडून मी वर्षानुवर्षं मेथी घेते, तिनं एकदा जुडी पिशवीत टाकता टाकता मला विचारलं होतं, "मॅडम, तुमी त्या बॉम्बच्या हापिसात हायत ना? मंग आमच्या नळाला पानी कधी येतं ते तुमाला ठावं असंल." तिच्या हिशेबानं बॉम्ब, वीज, पाणी आणि सरकार हे सगळं एकाच इमारतीत राहत होतं. मी तिला सांगितलं, की मी बॉम्ब करत नाही, मी समुद्राचा चिखल तपासते. तिनं माझ्याकडं जरा नीट पाहिलं आणि मेथीवर कोथिंबिरीची काडी फुकट टाकली. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तिला वाटलं असावं.

तिचं फारसं चुकलं नव्हतं. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा पाळतात, त्या छत्रपती संभाजीनगरात बसून समुद्र कुठं, कधी आणि किती आत घुसला याचा निवाडा करायचा, ही माझी नोकरी होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला, तेव्हा घरातून सूचना आली की लोकांना समजेल असं लिही. म्हणजे आजवर घरात कुणालाच समजलं नव्हतं, हेही त्यानिमित्तानं कळलं.

खरं तर आमच्या प्रयोगशाळेचा समुद्राशी काहीएक संबंध नव्हता. मातीतले किरण मोजणारं यंत्र आलं ते जायकवाडीच्या गाळासाठी. धरणात दरवर्षी किती गाळ साठतो ते मोजायचं होतं. माझे वडील पैठणला धरणाच्या कामावर मुकादम होते. बापानं धरण बांधायचं आणि लेकीनं ते किती भरलं ते सांगायचं, अशी आमच्या घराण्याची प्रगती. गाळाचं वय काढण्यात आमचा हात बसला आणि मग कोकणातल्या संशोधकांना शोध लागला, की असलं यंत्र आणि ते चालवणारी रिकामी माणसं मराठवाड्यात आहेत. तेव्हापासून खाडीचा चिखल पाइपात भरून आमच्याकडं यायला लागला. एसटीच्या पार्सलातून आलेला पहिला पाइप हमालानं माझ्या टेबलावर ठेवला, नाक दाबलं आणि भाडं न मागताच निघून गेला.

आता हे वय कसं काढतात ते सांगते, आणि सोपं सांगते. आकाशातून पावसाबरोबर, धुळीबरोबर एक प्रकारचं शिसं जमिनीवर पडत असतं. अगदी किंचित. त्यातून किरण निघतात आणि दर बावीस वर्षांनी ते निम्मं होतं. चिखलाचा नवा थर पडला, की जुना खाली दबतो आणि त्याला वरून नवं शिसं मिळत नाही. म्हणून जेवढं खोल जावं तेवढं शिसं कमी. किती कमी झालं ते मोजलं, की तो थर कधी पडला ते सांगता येतं. याखेरीज साठच्या दशकाच्या आसपास बड्या राष्ट्रांनी उघड्या हवेत बॉम्ब फोडून पाहिले, त्यांची राख साऱ्या जगाच्या चिखलात एक खूण करून बसली आहे. माणुसकीला ती लाज असेल, आम्हाला मात्र ती फार सोयीची पडते.

यात एकच भानगड आहे. सगळंच शिसं आकाशातून आलेलं नसतं. थोडं मातीतच जन्मतं. म्हणजे एक पाहुणं आणि एक घरचं. घरचं किती ते कळल्याशिवाय पाहुणं किती ते कळत नाही. आणि घरचं मोजायचं, तर माती डब्यात घालून, झाकण चिकटपट्टीनं हवाबंद करून तीन आठवडे नुसती ठेवून द्यावी लागते. मातीतून रेडॉन नावाचा वायू निघत असतो, तो डब्यात कोंडून त्याचा हिशेब बसायला तेवढा काळ लागतो. मध्ये झाकण उघडलं, की पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे. माझ्या हयातीत मंत्र्यांच्या सचिवांपासून पत्रकारांपर्यंत कितीतरी लोकांनी मला घाई केली. सगळ्यांना मी हेच सांगत आले, की बाबांनो, हे लोणचं आहे, मुरल्याशिवाय वाढता येणार नाही.

यंत्राची सगळी उस्तवार अन्सारभाईंकडं होती. ते आमचे तंत्रज्ञ. बुढीलेनमधले, माझ्याआधी दोन वर्षं नोकरीला लागलेले आणि म्हणून कायम माझ्यावर वडीलकीचा हक्क सांगणारे. यंत्राला सतत थंड ठेवावं लागतं, त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो. आमचा पुरवठादार रुसला, की अन्सारभाई थेट देवगाव रंगारीकडच्या जनावरांच्या दवाखान्यातून तो मिळवून आणायचे, कारण वळूंचं वीर्यही त्याच नायट्रोजनात ठेवतात. त्या आठवड्यात तिकडच्या म्हशींची गैरसोय झाली असेल, तर तिला विज्ञान जबाबदार आहे.

यंत्राभोवतीची शिशाची पेटी हा तर अन्सारभाईंचा अभिमानाचा विषय. बाहेरचे किरण आत येऊ नयेत म्हणून ती पेटी असते, पण नव्या शिशातच थोडे किरण असतात. जुनं शिसं हवं. त्यांचे मामू शहरातल्या एका मराठी छापखान्यात खिळे जुळवायचे. तो छापखाना बंद पडला तेव्हा अन्सारभाईंनी खिळ्यांची पोती आणली, वितळवली आणि पेटीला आतून अस्तर केलं. तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका आणि निधनवार्ता छापलेल्या त्या खिळ्यांच्या आत बसून आमचा चिखल आपलं वय सांगायचा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. सोयगावचा एक गृहस्थ काळा दगड रेशमी फडक्यात गुंडाळून आला होता. आकाशातून पडलाय, युरेनियम आहे, फक्त तेवढं लिहून द्या, म्हणाला. आम्ही मोजलं. आपल्या अजिंठ्याच्या डोंगरातला साधा काळा खडक. त्याला सांगितलं तर तो अन्सारभाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "बाईला कळत नाय, तुमी सांगा." अन्सारभाईंनी तोच दगड गंभीरपणे कानाला लावला आणि म्हणाले, "नाय बोलता भाऊ, ये नाय बोलता." एवढ्यावर त्याचं समाधान झालं. माझ्या आलेखावर झालं नव्हतं.

पण ज्या एका कामासाठी मी हे लिहायला बसले ते वेगळं आहे. काही वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर वादळ येऊन गेलं. त्यात खाडीकाठच्या एका गावाची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. गावाचं नाव लिहीत नाही, खाडीवाडी म्हणू. तिथली शेतं भरतीच्या पातळीहून खाली. खाडी आणि शेत यांच्या मध्ये मातीचा लांब बांध आणि बांधात एक उघाडी. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. तिला बाहेरच्या बाजूनं लोखंडी झडप असते. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं आणि भरती आली, की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं. कुणी माणूस लागत नाही, वीज लागत नाही. फक्त झडप धड असावी लागते.

वादळात बांध फुटला होता तो गावानं दगडमाती टाकून बुजवला, पण झडप मोडकी होती आणि दर उधाणाला समुद्र शेतात येऊन बसत होता. कोकणातल्या संशोधकांनी हे काम आमच्याकडं दिलं. ठरवायचं होतं, की हे सगळं नुकसान वादळाचं आहे का. तसं ठरलं तर आपत्तीच्या योजनेतून नवा बांध आणि नवी उघाडी मिळणार होती. समुद्र आधीपासून आत येत होता असं निघालं, तर ती जमीन समुद्रानं घेतलेलीच धरायची आणि विषय मिटवायचा, असा नियम.

अशा कामाला खरं तर वादळानंतर लगेच जायचं असतं. पावसाबरोबर बेरिलियमही पडतं, त्यावरून अगदी ताजा थर ओळखता येतो. पण ते दोनेक महिन्यांत निम्मं होतं. आमच्या परवानगीच्या फाइलचं अर्धायुष्य मात्र बरंच मोठं निघालं. ती हिंडून फिरून परत आली तोवर होळी जवळ आली होती आणि बेरिलियमनं केव्हाच राम म्हटला होता. राहिलं ते आपलं जुनं, सोशिक शिसं.

खाडीवाडीला आम्ही दोघं गेलो. चिखलात मी गुडघ्यापर्यंत रुतले आणि अन्सारभाई मला ओढायला आले ते मांडीपर्यंत. आम्हाला बाहेर काढलं इंदूमावशींनी. साठीच्या पुढची, काटक बाई. शेत त्यांचंच होतं. नवरा नाही, मुलगा मुंबईला. तो म्हणत होता, कोळंबीच्या तलावासाठी एक पार्टी जमीन मागतेय, देऊन टाकू. मावशींनी त्याच्याकडून येत्या गणपतीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. यंदाच्या पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडून, मीठ धुऊन काढता आलं तर जमीन राहणार. उघाडी तशीच राहिली तर पाऊस वरून आणि समुद्र खालून, म्हणजे धुणं आणि मळवणं एकदमच. मग सही करायची. हे त्यांनी आमच्या पायांवर कळशीनं पाणी ओतता ओतता सांगितलं.

ज्या सरकारी कार्यालयाला आमचा अहवाल जायचा होता, तिथले उपअभियंताही त्यांच्या पडवीत बसले होते. अतिशय सौजन्यशील माणूस. वादळाच्या आदल्या हंगामापर्यंत इथं उत्तम भात पिकत होतं, असं ते म्हणाले. सरपंच म्हणाले, पिकत होतं. मी मावशींना विचारलं तर त्या पायरीकडं बघत म्हणाल्या, "व्हय, कापला की भात." मग आम्ही शेतात पाइप कुठं ठोकू म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "ठोका कुठं पण. हवी तेवढी भोकं पाडा. आता काय हाय त्यात."

संभाजीनगरला आल्यावर पाइप उभा चिरला. अन्सारभाईंनी दिवा जवळ घेतला आणि वरपासून खालपर्यंत फिरवला. सगळ्यात वर जाड वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. हे वादळ. तळाला तांबूस, एकजीव माती. ही नांगराची. नांगरलेली माती ढवळली जाते, म्हणून तिच्यात शिसंही सगळीकडं सारखं मिसळलेलं असतं. आणि या दोघींच्या मध्ये काळसर, बारीक, वहीच्या पानांसारखे एकावर एक थर. भरतीचा चिखल. एकाही पानाला नांगर लागलेला नव्हता.

"मॅडम," अन्सारभाई म्हणाले, "इनका नांगर तो तूफान के पयलेच रुक गया था."

वरवरच्या मोजणीवरून मला अंदाज आला, सात-आठ वर्षं. म्हणजे झडप वादळानं मोडली नव्हती. ती कित्येक वर्षं मोडलेलीच होती आणि समुद्र तेव्हापासून आत येत होता. पण अंदाज म्हणजे अहवाल नव्हे. माती डब्यांत भरली, चिकटपट्ट्या लावल्या आणि डबे फळीवर मांडले. तीन आठवडे.

त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. नोकरीत पहिल्यांदाच असं झालं होतं, की अधिकारी आणि शेतकरी दोघांनाही एकच उत्तर हवं होतं, आणि दोघं मिळून खोटं बोलत होते. एरवी दोघांपैकी एक तरी आपल्या बाजूनं असतो. आणि खरं उत्तर माझ्या हातून बाहेर पडलं, की मावशींचं शेत जाणार होतं. मी त्यांना फोन केला. मागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. थर, शिसं, नांगर, सगळं सांगितलं. 

"गो बाय," त्या म्हणाल्या, "झडप मोडली तेव्हापासून आम्ही खरंच बोलत होतो. दरसाल जाऊन सांगायचो, समुद्र आत येतोय. कोणी आयकला नाय. यंदा सायबांनी सांगितलान, वादळानी मोडली म्हणा. म्हणून एकदा खोटं बोललो, तर तुम्ही लगेच मशीन घेऊन आलात."

 

त्यांनी विचारलं, आता काय लिहिणार. मी म्हटलं, जे आहे ते. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आठवडाभरात उपअभियंता साहेब स्वतःच आमच्या दारात. सहकुटुंब वेरूळला दर्शनाला आले होते, वाटेत म्हटलं भेटावं. घृष्णेश्वराच्या वाटेवर आमची प्रयोगशाळा कुठं लागते ते मला माहीत नाही, पण श्रद्धेला वळसा पडत नाही म्हणतात. काजूची पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग हळूच विचारलं, की काय दिसतंय एकंदरीत. मी सांगितलं. त्यांचा चेहरा आमच्या पाइपासारखा थराथरानं बदलत गेला. बांध फुटणं ही निसर्गाची करणी, पण झडप सात-आठ वर्षं मोडकी राहणं ही कुणाची करणी, हा प्रश्न त्यांना माझ्याआधी दिसला असणार. त्या झडपेची देखभाल त्यांच्याच कार्यालयाकडं होती. आपत्तीच्या छत्रीखाली तो प्रश्न छान झाकला गेला असता.

"अंतिम आहे का हे?" त्यांनी विचारलं.

मी फळीवरचे डबे दाखवले. मुरायला ठेवलेत, म्हटलं. अजून दोन आठवडे आणि वर थोडे दिवस लागतील. त्यावर त्यांनी जे विचारलं, ते माझ्या अख्ख्या नोकरीत कुणीही विचारलं नव्हतं. अजून उशीर नाही का होऊ शकत?

मी म्हटलं, नाही. रेडॉनला घाई नसते तशी दिरंगाईही नसते. ठरल्या दिवशी मोजणार आणि झाल्याबरोबर पाठवणार. ते बराच वेळ डब्यांकडं बघत राहिले. कुठल्याही क्षणी एखाद्या डब्याचं झाकण उघडतात की काय अशी मला धास्ती वाटली. अन्सारभाई सहज म्हणून त्यांच्या आणि फळीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

आता मी जे बोलले, ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. बोलल्यावर माझं मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, "साहेब, माझी माती जिथवरची आहे तिथवरचंच ती सांगणार. होळीपर्यंत झडप मोडकी होती, एवढं तिला माहीत आहे. अहवाल तुमच्या टेबलावर येईल त्या दिवशीही झडप मोडकीच असली पाहिजे, असं तिचं काही म्हणणं नाही."

साहेबांनी चहा घेतला नाही. काजूची पिशवी मात्र परत न्यायला विसरले. अन्सारभाईंनी ती उचलून शिपायाच्या हाती त्यांच्या गाडीत पोचवली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तो सरळ माणूस होत्या."

"अजून आहे," मी म्हटलं. "एक अक्षर बदलणार नाही."

"व्हय, तेच म्हंतो," ते म्हणाले आणि नायट्रोजनच्या कामाला लागले.

पुढच्या आठवड्यात मावशींचा फोन. उघाडीवर माणसं आलीत, वेल्डिंगवाला आलाय, ओहोटी लागली की उतरतात आणि भरती आली की चढतात. सात-आठ वर्षं जे होत नव्हतं ते एका पंधरवड्याच्या आत झालं. नवीकोरी लोखंडी झडप बसली. बसवल्यावर तिला खाडीचा चिखल फासला आणि शेवाळ आणून चोळलं, जुनी दिसावी म्हणून. मावशी सांगत होत्या, "सायेब सवता उभं ऱ्हाऊन फासून घेत व्हते गो. म्हनत, अजून लावा, अजून चमकता हाय." मी आयुष्यभर चिखलाचं वय काढलं. चिखल लावून वय वाढवलेलं हे पहिलंच उदाहरण.

डबे मुरले, मोजणी झाली, अंदाज बरोबर निघाला. मी अहवाल लिहिला. आजवर लिहिलेल्या अहवालांत तो सर्वांत नेटका होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. समुद्र किती वर्षं येत होता, वादळानं त्यात किती भर घातली, नांगर केव्हा थांबला, सगळं पुराव्यानिशी. पहिला पाऊस पडायच्या आधी तो त्या कार्यालयात पोचला. उत्तरही आलं, आणि इतक्या लवकर आलं की मला आधी तो दुसऱ्या कुणाचा कागद वाटला. त्यात म्हटलं होतं, की प्रत्यक्ष स्थळपाहणीत सदर उघाडी व तिची झडप जुनी परंतु सुस्थितीत आढळून आली. सबब समुद्राचे पाणी वर्षानुवर्षे आत येत होते हा निष्कर्ष वस्तुस्थितीशी विसंगत असून अहवाल दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

मी ते अन्सारभाईंना वाचून दाखवलं. ते आधी हसले, मग मी हसत नाही म्हणून थांबले. मला खरंच लागलं होतं. मीच दार दाखवलं होतं, त्यातून साहेब बाहेर पडले, यात तक्रार कसली. पण निष्कर्ष विसंगत, हे शब्द माझ्या कामाला कधी लागले नव्हते. जमीन समुद्रानं घेतलेली धरायची, तर त्यासाठी माझा अहवाल मान्य करावा लागला असता, म्हणून तोही विषय बारगळला. नवा बांध मंजूर झाला नाही. गावानं टाकलेली दगडमाती आजही तशीच आहे. कोकणातल्या ज्या संशोधकांनी आम्हाला काम दिलं होतं, ते म्हणाले, वादग्रस्त आहे, छापायला नको. निरोप समारंभात माझ्या कामांची यादी वाचली गेली, त्यात सोयगावचा दगडसुद्धा होता. खाडीवाडी नव्हती.

मावशींनी त्या पावसाळ्यात गोडं पाणी कोंडलं आणि सोडलं, पुन्हा कोंडलं आणि सोडलं. गणपतीला मुलगा आला. शेतात भात नव्हतं, पण खाऱ्या जमिनीत येतं तसलं नव्हे, साधं गवत उगवलं होतं. त्या गवतावर मावशींनी आणखी एक वर्षाची मुदत मिळवली. दुसऱ्या वर्षी खाऱ्या जमिनीत तगणारं भात लावलं, ते अर्धंमुर्धं आलं. कोळंबीच्या पार्टीनं मग दुसरीकडं जागा घेतली. यातलं प्रत्येक वर्ष मला फोनवर कळत होतं, आणि दरवेळी मी विचारायची, की झडप कशी आहे. "तुमच्या सायबाची झडप," मावशी म्हणायच्या, "बरी हाय, आता खरीच जुनी दिसाया लागली."

परवा, हा लेख लिहायला घ्यायच्या सुमारास, त्यांचा पुन्हा फोन आला. यंदा शेत भरलंय, म्हणाल्या. लोंब्या वाकल्यात, नेहमीचं जुनं बियाणं, गोडं भात. बांधावर उभ्या राहून बोलत होत्या, वाऱ्याचा आवाज येत होता. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी नेमकं शास्त्र बोलायला लागते. मी त्यांना सांगू लागले, की मावशी, कागदावर काही का असेना, तुमच्या शेताच्या पोटात सगळं लिहिलेलं आहे. खोल गेलं की ते काळे थर लागतील, आणि त्यावर वादळाची वाळू ढवळून मिसळलेली नांगराची माती. वरवर नांगर फिरेल, पण खालच्या थरांना आता काही होत नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी येईल, पाइप ठोकेल आणि त्याला कळेल की समुद्र इतकी वर्षं येत होता आणि मग एकाएकी यायचा थांबला. माझा अहवाल खरा होता हे त्याला कळेल.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठोकू दे की त्याला पाइप. पण भात कापल्यावर."